तुमच्या आईची ओळ

रिबेकाताई, तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले, आणि मी अजून तुमच्यावर संशय घेतेच आहे. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना सगळं गोडगोड लिहायचं असतं, पण आपल्या दोघींत ती पद्धत कधीच नव्हती. संशय असा, की जाताना तुम्ही मला जे काम सांगून गेलात, ते मला नीट ओळखून सांगितलंत की अगदीच चुकीचं ओळखून? विचारायला तुम्ही नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

माझं कामच संशय घेण्याचं. औषधांच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये मला पगार मिळतो तो बाटलीवर लिहिलंय तेच बाटलीत आहे असं धरून न चालण्याचा. ही सवय दिवसभर वापरून संध्याकाळी कोटाबरोबर खुंटीला अडकवता येत नाही. जर्सी सिटीतल्या आपल्या बिल्डिंगच्या तळघरात, कपडे धुवायच्या मशिनपाशी, तुम्ही पहिल्यांदा माझ्याशी बोललात तेव्हाही ती माझ्या अंगावरच होती. पांढरा नर्सचा गणवेश, वर जाड स्वेटर, आणि तोंडात अलिबागकडचं मराठी. "अगो, त्या कोपऱ्यातल्या ड्रायरमध्ये घालू नको, तो नुसता फिरतो, वाळवत नाही." नाव विचारलं तर म्हणालात रिबेका. मी लगेच हिशोब जुळवून मोकळी झाले.

"म्हणजे तुम्ही ख्रिश्चन ना?"

"ख्रिश्चन नव्हे, इस्राएल. गावाला आम्हाला शनवार तेली म्हणायचे. तेलाचे घाणे होते आमचे, आणि शनिवारी बंद."

नागपूरला वाढलेल्या मला ही भानगड ठाऊक नव्हती. दोन हजार वर्षांपूर्वी जहाज फुटून कोकण किनाऱ्याला लागलेली ज्यू माणसं, त्यांच्या बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र, घरात मटणाचा रस्सा आणि पोह्यांचा मलिदा. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, बाई काहीतरी लपवते आहे. तो म्हणाला, तुला ज्याचं गाव-घराणं माहीत नाही तो प्रत्येक माणूस काहीतरी लपवत असतो. तो हसला, पण ताई, सात वर्षांनी माझंच खरं ठरलं, नाही का?

खरं सांगायचं तर मी तुमच्याकडे ओढली गेले ती माझे वडील गेले तेव्हा. ग्रीन कार्डचे कागद अर्धवट होते. देश सोडला तर परत येता येईल याची खात्री नाही, असं वकील म्हणाला. मी नागपूरला गेले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही ड्यूटी संपवून थेट आमच्याकडे आलात, चपला काढल्यात, आणि जमिनीवर बसलात. सोफा समोर होता. "आमच्यात सात दिवस खाली बसतात," म्हणालात. सातही दिवस आलात. चौथ्या दिवशी मला वाटलं, हिला माझ्याकडून काय हवंय? माझ्या वडिलांच्या सुतकातही मी हा विचार केला, आणि तो तुम्हाला आजवर सांगितला नव्हता. तुम्हाला काहीच नको होतं. ती माझी चूक होती, आणि तिची लाज मला आज वाटते तेवढी तेव्हा वाटली नव्हती.

मग पेसाह आला, तुमचा सुटकेचा सण. मिसरच्या राजाच्या, फारोच्या, गुलामगिरीतून तुमचे पूर्वज निघाले ती गोष्ट त्या संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांनी मोठ्याने वाचायची असते. तुमच्या आजोबांचं मुंबईत छापलेलं मराठी पुस्तक होतं, कडा खाल्लेलं, काळ्या कापडाने शिवलेलं. तुमच्या यजमानांना, सॉलोमनभाऊंना, मोतीबिंदू. तुमच्या मुलाला, रूबेनला, मराठी समजायचं पण वाचता यायचं नाही. तुमचा चष्मा दर पेसाहला नेमका सापडत नसे. तेव्हा वाचायला कोण, तर ही देशस्थाची मुलगी. पहिल्या वर्षी मी वाचलं, आणि दर पानाला थांबून शंका काढली. रस्सा निवत होता, सॉलोमनभाऊ पोटावर हात फिरवत होते, आणि मी विचारत होते की मिसरमधले थोरले मुलगे मारत फिरणाऱ्या देवाला, दाराच्या चौकटीला रक्त फासल्याशिवाय आपल्या माणसांची घरं ओळखता येत नव्हती काय. सर्वज्ञ म्हणवतो ना?

"खूण देवासाठी नसते, उषा," तुम्ही म्हणालात. "घरातल्यांसाठी असते. बाहेर काय होईल ते होईल, आपण कुठले ते आधी उंबऱ्यावर ठरवायचं."

मला ते पटलं नव्हतं. पुढे आपल्या भागात कुंकू लावणाऱ्या बायकांना रस्त्यात गाठून मारहाण व्हायला लागली, तेव्हा मी टिकली काढून बसस्टॉपवर जाऊ लागले. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. फक्त ड्यूटीची वेळ बदलून घेतलीत आणि रोज सकाळी माझ्याबरोबर चालत आलात. एकदा मी चिडून म्हटलं, आता उपदेश करा की उंबऱ्याचा. तुम्ही म्हणालात, "पुसलीस तर पुसलीस. जिवंत राहा आधी." तुमचं हेच मला अवघड जायचं. तत्त्व सांगायचात एक, आणि माणूस समोर आला की ते बाजूला ठेवायचात.

आपलं सगळ्यात मोठं भांडण पहाडापाशी व्हायचं. लोक गुलामीतून सुटले, समुद्र ओलांडला, वाळवंटात तहानेने कासावीस झाले, आणि मग देवाने त्यांना पहाडाच्या पायथ्याशी उभं करून करार केला. तुम्ही माझे, मी तुमचा, हे हे पाळायचं. मी म्हणायचे, ही काय सह्या घ्यायची वेळ झाली? मागे फारो, पुढे वाळू, वर गडगडाट. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. इमिग्रेशनच्या ऑफिसात आपण म्हटलंच की, न वाचता. एका मालकाकडून सोडवून दुसऱ्याकडे नोंदवलं, याला सुटका कसली म्हणायची?

तुम्ही भाकरी मोडत मोडत म्हणायचात, "फारोने कधी सही मागितली होती का? ज्याला नाही म्हणता येतं त्याच्याकडूनच सही मागतात."

हे उत्तर चांगलं होतं. तेव्हा मी मान्य केलं नव्हतं, आता करते.

पण एका प्रश्नाला तुम्ही कधीच उत्तर दिलं नाहीत, आणि इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. गोष्टीत लिहिलंय की इस्राएलांबरोबर मिसरमधून आणखीही लोक निघाले, मिश्र, कुठले कुठले, इस्राएल नसलेले. पुढे त्यांचं काय झालं याचा पत्ता नाही. मी दर वर्षी विचारायचे, की ही माणसंही समुद्रातून चालत आली, तीही तहानली, तीही पहाडाखाली उभी होती. मग करार त्यांच्याशी झाला की नाही? आणि दर वर्षी तुम्ही उठायचात. "रस्सा खाली लागेल," म्हणत स्वयंपाकघरात जायचात. गॅस केव्हाच बंद केलेला असायचा. मी लॅबमध्ये काम करणारी बाई, ताई, गॅस बंद आहे की चालू एवढं मला दिसतं.

दुसऱ्या वर्षी तुम्ही तुमच्या सिनेगॉगच्या रबायना, म्हणजे तिथल्या गुरुजींना, आणि त्यांच्या बायकोला जेवायला बोलावलंत. मोठ्या हौसेने टेबल मांडलंत आणि मधोमध ठेवल्यात तांदळाच्या भाकऱ्या. या सणात न आंबवलेली भाकरी हवी, ही तर अगदीच न आंबवलेली. अलिबागेत पिढ्यान्‌पिढ्या चाललं ते जर्सीत चालणार नाही, हे कुणाच्या डोक्यात येणार? पण त्यांची माणसं युरोपातली, सणाच्या आठ दिवसांत तांदळाला शिवत नाहीत. रबायच्या बायकोने चमचा अलगद खाली ठेवला. "राइस?" एवढंच म्हणाली.

"आमच्या कोकणात गहू कुठला हो?" तुम्ही इंग्रजीत समजावलंत. "देवाला माहीत आहे."

त्यांना मात्र माहीत नव्हतं. त्या दिवसापासून तुमच्याकडे कागद मागायला सुरुवात झाली. अगदी सभ्यपणे, फोनवर, पत्राने, समितीच्या नावाने. आईवडील कोण, लग्न कुठे लागलं, दाखला आहे का. सॉलोमनभाऊंनी मुंबईहून आपले कागद मागवले आणि निळ्या पाकिटातून ते आलेही. तुम्ही मागवले नाहीत. "पहाडाखाली कुणी दाखला तपासला होता?" म्हणायचात. मला वाटायचं काय हा ताठा. मराठी मंडळाच्या दिवाळीत आपल्याच लोकांनी "रिबेका? मग मराठी कसं येतं?" असं विचारलं की मान खाली घालून हसणारी बाई इथेच एवढी का ताठते? दोन्हीकडची माणसं तुमच्याकडे लेबल चुकीचं लागलेल्या बाटलीसारखं बघायची. त्या रांगेत मीही होते, फक्त जवळून बघत होते.

सॉलोमनभाऊ गेले तेव्हा त्यांना सिनेगॉगच्या दफनभूमीत जागा मिळाली. शेजारची जागा तुमच्यासाठी राखली, पण त्यावर अट होती की तुमचे कागद यायचे. आलेच नाहीत तर नदीपलीकडच्या सरकारी दफनभूमीत. तुम्ही दर रविवारी दोन बस बदलून त्यांच्याकडे जायचात आणि शेजारच्या मोकळ्या गवताकडे बघायचात. मी एकदा बरोबर आले होते. तुम्ही बुटाच्या टोकाने ते गवत हळूच दाबून पाहिलंत, जमीन मऊ आहे का ते बघावं तसं. एवढी ओढ होती तर दाखला का मागवत नव्हतात, हे मला कळत नव्हतं. विचारलं असतं तर तुम्ही बस चुकेल म्हणाला असतात.

मग तुमचं दुखणं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. नर्स असूनही तुम्ही स्वतःकडे बघितलं नव्हतं, याचा राग मला अजून आहे. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी तुमच्या पायांना तेल चोळत होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, "उषा, रबाय येतील. त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आमच्या घराण्याचं लिहिलेलं आहे. रूबेनला वाचता येत नाही. तू वाचून दाखव."

"काय वाचू?"

"जे आहे ते वाच."

मी बरं म्हटलं. तुम्ही माझा हात धरलात आणि परत म्हणालात, "वचन?" मी वचन दिलं. सह्यांच्या विरुद्ध इतकी वर्षं भांडून मी न वाचलेल्या पानासाठी वचन देऊन बसले.

मंगळवारी सकाळी तुम्ही गेलात. दुपारी रबाय आले, कारण तुमच्यात दफन दुसऱ्याच दिवशी करायचं असतं. रूबेन हर्नडनहून, त्याच्या नोकरीच्या गावाहून, रातोरात गाडी चालवत आला होता, डोळे सुजलेले. स्वयंपाकघराच्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो. रबाय म्हातारे, बोलायला मऊ. म्हणाले, "मला हे विचारायला आवडत नाही. माझ्या स्वतःच्या आईचा एकही कागद उरलेला नाही. पण समितीला सांगावं लागतं. मिसेस उषा, काय लिहिलंय तेवढं मला सांगा. तुमचा शब्द मला पुरे."

पान उघडलं. नऊ ओळी होत्या. पहिल्या चार तुमच्या आजोबांच्या आणि वडिलांच्या हातच्या, बोरूच्या शाईच्या, आणि खालच्या तुमच्या, निळ्या बॉलपेनने. मी वाचत गेले आणि इंग्रजीत सांगत गेले. आजोबांचा जन्म. आजीचं नाव. वडील दाविद यांचा जन्म. दाविदचं लग्न साराशी, नवगावला. मग पाचवी ओळ, तुमच्या अक्षरात: आई सारा, लग्नाआधीची गंगू, थळच्या कोळ्यांकडची. इस्राएल करून घ्यायचा विधी राहून गेला.

रिबेकाताई, एका क्षणात मला सगळं कळलं. रस्सा, चष्मा, दाखला. मुंबईहून कागद का मागवले नाहीत ते. ती मिश्र माणसं कोण होती ते. तुमच्यात माणूस इस्राएल की नाही हे आईवरून ठरतं, हे मला रबायच्याच पत्रांमुळे माहीत झालं होतं. म्हणजे ही ओळ वाचली की शेजारची जागा गेली.

माझं बोट तिथून उचललं गेलं आणि पुढच्या ओळीवर ठेवलं गेलं. सहावी ओळ मी सांगितली: आईने जन्मभर शनिवार पाळला. ते तर खरंच होतं. मग तुमचा जन्म, तुमचं लग्न, रूबेनचा जन्म.

"एवढंच?" रबायनी विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं, असं मला वाटलं, पण मला तसं नेहमीच वाटतं. मग त्यांनी पुस्तक मिटलं, ओठांना लावलं आणि रूबेनच्या हातात दिलं. बुधवारी तुम्हाला सॉलोमनभाऊंच्या शेजारी ठेवलं. मीही फावड्याने तीनदा माती टाकली. जमीन मऊ होती.

आता माझा संशय ऐका. तुम्हाला नको असती तर ती ओळ तुम्ही लिहिलीच नसतीत. कुणी सांगितलं नव्हतं. आजोबांनी लिहिली नाही, वडिलांनी लिहिली नाही, तुम्ही लिहिलीत. म्हणजे ती वाचली जावी असं तुम्हाला वाटत होतं. मोठ्याने, रबायसमोर, एकदाच. म्हणून प्रत्येक गोष्टीत खोट काढणारी, लेबल आणि बाटली जुळल्याशिवाय न सोडणारी बाई निवडलीत, की ही काही गाळणार नाही. आणि मी तुमच्या आईला गाळलं. पण दुसरंही असू शकतं. तुम्हाला ठाऊक होतं की ऐन वेळी मी तुमच्यासारखंच करेन, तत्त्व बाजूला ठेवून माणसाकडे बघेन. स्वतः खोटं बोलवत नव्हतं म्हणून ते काम माझ्या गळ्यात घातलंत. पहिलं खरं असेल तर मी वचन मोडलं. दुसरं खरं असेल तर तुम्ही मला फसवलंत. रोज रात्री मी दोन्ही बाजूंनी झोपून पाहिलं, ताई, कुठल्याच कुशीवर झोप लागत नाही. आणि तरी त्या गवताखाली तुम्ही दोघं शेजारी आहात हे आठवलं की मला बरं वाटतं. एवढं बरं वाटतं याचाही मला संशय येतो.

परवा तुमचे सात दिवस संपले. मी रोज येऊन जमिनीवर बसले. शेवटची माणसं गेल्यावर रूबेनने सुतकात आरशांवर टाकलेल्या चादरी काढून घड्या केल्या आणि पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसला.

"उषामावशी, कॅन आय आस्क यू समथिंग?"

"विचार."

"पानावर नाइन लाइन्स आहेत. तू एट वाचल्यास. आय काउंटेड. युअर फिंगर जंप्ड."

सव्वीस वर्षांचा घोडा झाला तरी तो तुमच्याच चेहऱ्याने बघत होता. थाप मारणं सोपं होतं, दोन ओळी एकत्र सांगितल्या म्हणून. मी पाचवी ओळ वाचली. आधी मराठीत, मग इंग्रजीत, एक शब्द न सोडता. त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"सो ग्रँडमा वॉजंट."

"नाही."

"देन मॉम. देन मी."

"त्यांचे नियम मी कसे सांगू रे? मला एवढंच माहीत आहे की तुझी आजी शनिवारी चूल पेटवत नव्हती आणि तुझ्या आईने ही ओळ स्वतः लिहिली."

"मॉमला ती वाचायला हवी होती?"

"'जे आहे ते वाच' म्हणाल्या होत्या."

"मग व्हाय डिडंट यू?"

"तुझ्या बाबांच्या शेजारी जागा एकच होती."

त्याने आभार मानले नाहीत, रागावलाही नाही. रागावेल, आज ना उद्या. त्याचा तो हक्क आहे. त्याने खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं. "मॉमचं लिही. मराठीत. तिच्यासारखं." मी दहावी ओळ लिहिली, तुमच्या जाण्याची. माझं अक्षर तुमच्या अक्षराखाली फार कोरडं दिसलं. मी पेन परत द्यायला लागले तर तो म्हणाला, "आता तू काय केलंस, तेही."

"इथे?"

"दुसरं कुठे? इट्स द ओन्ली प्लेस वी टेल द ट्रूथ."

मग मी अकरावी ओळ लिहिली: वरची पाचवी ओळ दफनाच्या आदल्या दिवशी रबायना वाचून दाखवली नाही. गाळणारी उषा, शेजारीण. त्याने विचारलं, शेवटचा शब्द काय? मी सांगितलं, नेबर. त्याने मान हलवली.

"शेजाऱ्यांची नावं या पानावर नसतात. मावशी लिही."

मला वाटलं, हा मला माफ करतोय की कायमची अडकवतोय? विचारलं नाही. शेजारीण खोडलं आणि मावशी लिहिलं. ताई, आता कधीतरी कुणीतरी मराठी वाचता येणारं माणूस ते पान उघडेल. त्याने एकही ओळ गाळू नये, तुमच्या आईची नाही आणि माझीही नाही.